विष, औषध आणि उतारा : खानदेशच्या कपाशीतून एक इतिहास

#थ्रेड #इतिहास #खानदेश

१/ पोळा होऊन आठवडा झाला होता. चोपडा तालुक्यातील आमच्या गावी कपाशी छातीला लागली होती. दिवसभर फवारणी करून परतलेले शेजारचे नाना ओट्यावर बसले आणि त्यांना उठता येईना. तोंडातून लाळ, सदऱ्यातून निथळणारा घाम, आणि "काही दिसत नाही रे भाऊ" एवढेच शब्द. कोणी लिंबूपाणी आणले, कोणी ताक. शेवटी जीपमध्ये घालून तालुक्याला नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणतं औषध मारत होते?" सोबतच्या पाच जणांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. डबा बांधावरच राहिला होता.

२/ नाना वाचले. मी तेव्हा सातवीत होतो. आज इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात बसताना तो प्रश्न पुन्हा पुन्हा आठवतो. कीटकनाशकाची विषबाधा कशी ओळखावी आणि तिच्यावर काय उपचार करावेत, हे ज्ञान जगाला बऱ्याच काळापासून आहे. त्यातील एक मोलाचा भाग तर महाराष्ट्रातच घडला. मग ते ज्ञान नानांच्या ओट्यापर्यंत का पोहोचले नव्हते? या थ्रेडमध्ये त्याच अंतराचा शोध घेऊ.

३/ सुरुवात एका शब्दापासून करू. आपल्याकडे शेतकरी कपाशीवर 'औषध' मारतो, ढेकणांचे 'औषध' आणतो, आणि आजारी पडला की 'औषध' घेतो. विष आणि उपचार यांना एकच शब्द. पिकाच्या बाजूने पाहिले तर तो चुकीचाही नाही, कारण पिकाला ते औषधच असते. पण फवारणाऱ्याच्या अंगाच्या बाजूने पाहणारा वेगळा शब्द आपण रोजच्या बोलण्यात रुजवलाच नाही. 'कीटकनाशक' हा शब्द डब्यावर राहिला, ओठांवर आला नाही.

४/ खानदेश आणि कापूस हे नाते जुने. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तेथील कापूस अडला आणि मुंबईच्या बाजारात भाव चढले, तेव्हा तापीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक महत्त्व आले. त्या काळी किडीवर उपाय म्हणजे राख, कडुनिंब आणि तंबाखूचा काढा. लक्षात घ्या, तंबाखूतील निकोटिन हेही मज्जातंतूंवर घाला घालणारे विषच आहे. 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, हा समज तेव्हाही खोटा होता.

५/ विसाव्या शतकाच्या आरंभी आर्सेनिकयुक्त कीटकनाशके आली. हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे हिंदुस्थान सरकारचे कीटकशास्त्रज्ञ. हिंदुस्थानातील किडींवरचा त्यांचा ग्रंथ १९०६ चा. पुढे ते लंडनला प्राध्यापक झाले. ऑक्टोबर १९२५ मध्ये प्रयोगशाळेत किडींवर विषारी वायूचा प्रयोग करताना तोच वायू त्यांच्या छातीत गेला आणि काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. ज्याला विषाची सर्वाधिक माहिती, तोही त्यापासून सुटला नाही. ज्याला काहीच सांगितले जात नाही, त्याचे काय होणार?

६/ पॉल म्युलर या स्विस रसायनतज्ज्ञाने १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये कोलकात्याजवळ रिश्रा येथे बीएचसीचा कारखाना निघाला आणि पुढे दिल्लीत सरकारी डीडीटी कारखाना. आमच्या आजोबांच्या पिढीला 'गॅमॅक्झिन पावडर' हा शब्द तोंडपाठ असे. अंगाला पांढरी भुकटी लागली तरी तत्काळ काही होत नसे. 'औषधाने माणसाला काही होत नाही' हा विश्वास त्याच काळात मुरला, आणि पुढे तोच घातक ठरला.

७/ कारण पुढचे कुळ वेगळे होते. जर्मनीत आय. जी. फार्बेन या कंपनीत गेरहार्ट श्राडर फॉस्फरसची सेंद्रिय संयुगे तपासत होते. डिसेंबर १९३६ मध्ये त्यांच्या हाती एक असे द्रव्य लागले, की त्याच्या किंचित संपर्काने त्यांची स्वतःची दृष्टी अंधुक झाली आणि श्वास अडखळला. तेच 'टॅबून', युद्धासाठी राखून ठेवलेला मज्जाघाती वायू. १९४४ मध्ये त्याच संशोधनातून पॅराथिऑन जन्मले. युद्धानंतर ते 'फॉलिडॉल' या नावाने जगभरच्या शेतांत पोहोचले. जुन्या शेतकऱ्यांना हे नाव आजही आठवते.

८/ हे विष शरीरात करते तरी काय? धुळ्याच्या पांझराकाठची फड बागायत आठवा. पाटकरी दार उघडतो, पाणी फडात जाते; वेळ झाली की दार बंद करतो. आपल्या मज्जातंतूंचा संदेश स्नायूंना आणि ग्रंथींना पोहोचवणारे 'ॲसिटिलकोलिन' हे ते पाणी, आणि काम झाल्यावर ते थांबवणारे 'कोलिनेस्टरेज' हे विकर म्हणजे पाटकरी. फॉस्फरसयुक्त विष पाटकऱ्याचेच हात बांधते. मग पाणी थांबत नाही, फड बुडतो.

९/ म्हणूनच लक्षणे सारी 'वाहण्याची' असतात. लाळ, घाम, अश्रू, उलटी, जुलाब, आपोआप होणारी लघवी. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, त्यामुळे अंधारल्यासारखे दिसते. छातीत घरघर लागते, नाडी मंदावते. पुढे कातडीखाली स्नायू फडफडू लागतात, मग ते लुळे पडतात. माणूस दगावतो तो बहुधा श्वास बंद पडून. नानांचे 'काही दिसत नाही' हे वाक्य म्हणजे पाठ्यपुस्तकातले लक्षण होते. ते वाचता येणारे कोणी ओट्यापाशी नव्हते.

१०/ आता उतारा. गंमत अशी, की उतारा विषाच्या आधीच सापडला होता. पश्चिम आफ्रिकेतील कलाबार येथे संशयिताला एक विषारी दाणा खायला घालून 'दिव्य' करवीत. त्यातील द्रव्यही कोलिनेस्टरेजलाच अडवते. १८६४ मध्ये प्रागमधील कैद्यांनी चुकून ॲट्रोपिन प्यायले, तेव्हा क्लाइनवेख्टर या डॉक्टरने त्यांना याच दाण्याचा अर्क देऊन पाहिला. दोन विषे एकमेकांना उतारा ठरतात, हे असे ध्यानात आले. श्राडरच्या विषासाठी ॲट्रोपिन तयारच होते.

११/ ॲट्रोपिनची भावंडे आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही असतात. पण येथे स्पष्ट सांगितले पाहिजे : धोतरा हा घरगुती उतारा नव्हे. त्यात विष किती उतरले आहे याचा भरवसा नसतो आणि तो स्वतःच जीव घेतो. इंजेक्शनातून दिलेले ॲट्रोपिन डॉक्टर छातीतील पाणी सुकेपर्यंत आणि नाडी सावरेपर्यंत पुन्हा पुन्हा देतात. ते वाहणे थांबवते, पण पाटकऱ्याचे हात सोडवत नाही. ते काम करणारे 'प्रॅलिडॉक्झिम' हे औषध अमेरिकेत अर्विन विल्सन यांनी १९५५ च्या सुमारास पुढे आणले. थोडक्यात, आजही वापरात असलेले दोन्ही मुख्य उतारे १९५५ पर्यंत माणसाच्या हाती होते.

१२/ भारताला धक्का बसला १९५८ मध्ये. केरळात अन्नातून विषबाधा होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. जहाजातून येताना धान्याच्या पिठाला फॉलिडॉल लागले होते. चौकशी आयोग नेमला गेला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा. अन्न आणि विष एकत्र वाहून नेऊ नये, एवढी साधी गोष्टही तोवर कायद्यात नव्हती. याच घटनेच्या सावलीत पुढे कीटकनाशक कायदा १९६८ आणि नियम १९७१ आले.

१३/ हे नियम वाचण्यासारखे आहेत. डब्यावरचा तिरका चौकोन आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. डब्यासोबत स्थानिक भाषेत माहितीपत्रक असावे, त्यात लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा लिहिलेला असावा. अशा कामगारांची वैद्यकीय तपासणी व्हावी, फॉस्फरसयुक्त विषांशी काम असल्यास रक्तातील कोलिनेस्टरेज दरमहा मोजावे, संरक्षक कपडे द्यावेत, उतारा हाताशी ठेवावा, असेही त्यांत आहे.

१४/ म्हणजे 'कोणतं औषध?' या प्रश्नाचे उत्तर कायद्याने डब्यावरच छापून ठेवले होते. पण ते छापील अक्षर मुंगीएवढे, आणि डबा मालकाच्या घरी किंवा बांधावर. फवारणारा सालदार किंवा रोजंदार. त्याच्या हातात येतो तो पंपात ओतलेला पांढरा द्राव, नाव नसलेला. दरमहा रक्ततपासणीचे कलम कारखान्याच्या दारात कदाचित पोहोचले असेल. शेताच्या बांधावर ते आले, असे मला तरी कोणी सांगितलेले नाही.

१५/ त्याच वर्षांत कपाशीही बदलत होती. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून सी. टी. पटेल यांचे 'एच-४' हे संकरित वाण आले. सुरत म्हणजे खानदेशचा शेजार. देशी कपाशी काटक होती; संकरित वाण भरघोस पिके, पण बोंडअळी आणि मावा-तुडतुड्यांनाही आवडे. फवारण्या वाढल्या. पुढच्या दशकांत कापूस देशातील लागवडीच्या जेमतेम पाच टक्के क्षेत्रावर, पण कीटकनाशकांचा जवळपास निम्मा खप त्याच्यावर, असे सर्रास सांगितले जाई.

१६/ आणि आता पुणे. ससून रुग्णालय आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांनी डायझिनॉन या फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाने बाधित झालेल्या २०० रुग्णांची निरीक्षणे १९७४ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात मांडली. त्यांनी लक्षणांचे दोन प्रकार पाडले. पहिला दाखल होतानाच दिसणारा, ॲट्रोपिनला दाद देणारा. दुसरा साधारण एका दिवसानंतर उगवणारा : मान उचलता येत नाही, दंड-मांड्या लुळ्या पडतात, श्वासाचे स्नायू थकतात. येथे ॲट्रोपिन निरुपयोगी.

१७/ या शोधाचा अर्थ थेट खाटेपाशी कळतो. लाळ थांबली, माणूस बोलू लागला, नातेवाईक म्हणाले 'आता घरी नेतो'. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी श्वास बंद. १९८७ मध्ये श्रीलंकेतील सेनानायके आणि करल्लीड्डे यांनी याच टप्प्याचे वर्णन करून त्याला 'मधला टप्पा' अशा अर्थाचे नाव दिले, आणि जग त्या नावाने ते ओळखू लागले. पुण्याचे निरीक्षण त्याआधी १३ वर्षांचे. 'उशीवरून मान उचलून दाखवा' हा साधा आदेश आजही धोक्याची घंटा ओळखायला पुरतो. हवी असते ती चार-पाच दिवसांची नजर आणि वेळ आलीच तर कृत्रिम श्वास.

१८/ दुसरे नाव बारामतीचे. गिरिराज हॉस्पिटलमधील डॉ. किर्ती पवार, डॉ. रमेश भोईटे आणि सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवर केलेली प्रॅलिडॉक्झिमची चाचणी २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. सुरुवातीची मात्रा दोन्ही गटांना सारखी; पुढे एका गटाला औषध थांबून थांबून, दुसऱ्याला ४८ तास सलग. पहिल्या गटात १०० पैकी ८ मृत्यू, दुसऱ्यात १. मात्र २००९ मध्ये श्रीलंकेतील २३५ रुग्णांच्या चाचणीत या औषधाचा फायदा दिसला नाही. वाद संपलेला नाही. पण तालुक्याच्या गावातील एका रुग्णालयाने जगाच्या वैद्यकाला प्रश्न विचारायला लावला, हे आपण विसरू नये.

१९/ दरम्यान जुन्या चुका परतत राहिल्या. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील दुपारच्या जेवणाने २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे फॉस्फरसयुक्त कीटकनाशक सापडले. केरळनंतर ५५ वर्षांनी पुन्हा तेच, अन्न आणि विष यांच्यातील भिंत पडलेली.

२०/ आणि मग २०१७. बीटी कपाशी २००२ मध्ये आली होती. काही वर्षे बोंडअळीच्या फवारण्या घटल्या. पण गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली, रसशोषक किडीही वाढल्या. त्या वर्षी यवतमाळमध्ये कपाशी माणसाच्या उंचीला गेली. फवारा वर मारावा लागे आणि तो तोंडावर उतरे. जुलैपासून रुग्ण येऊ लागले. ऑक्टोबरपर्यंत त्या एका जिल्ह्यात सुमारे ८०० जण रुग्णालयात आणि किमान २० मृत्यू. त्यांत शेतमजुरांची संख्या मोठी होती. कित्येकांची दृष्टी काही काळ गेली.

२१/ येथे इतिहासाने नवा पेच टाकला होता. बाजारात आता निरनिराळ्या कुळांची रसायने होती आणि शेतात ती एकत्र मिसळली जात. प्रोफेनोफॉसला ॲट्रोपिन चालते. पण डायफेन्थियुरॉन किंवा फिप्रोनिलला नेमका उतारा नाही, तेथे लक्षणांनुसारच उपचार. चुकीच्या रुग्णाला दिलेले भरमसाट ॲट्रोपिन स्वतःच भ्रम आणि ताप आणते. म्हणून नाव कळणे, आणि रक्तातील कोलिनेस्टरेज मोजता येणे, निर्णायक. ती चाचणी करण्याची सोय यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या वेळी नव्हती, हे नंतर उघड झाले.

२२/ अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले गेले. काही कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. १९६८ च्या कायद्याने राज्याला तेवढाच तात्पुरता अधिकार दिला होता. २०१८ मध्ये केंद्राने १८ कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, त्यात मिथाइल पॅराथिऑनही होते. २०२३ मध्ये मोनोक्रोटोफॉसचे नेहमीचे ३६ टक्के द्रावण बंद करण्याचा आदेश निघाला. मिथाइल पॅराथिऑनवर बंदी यायला केरळनंतर ६० वर्षे लागली.

२३/ खानदेशापुरते पाहू. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय काही दशकांपासून आहे. जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. त्याआधी शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यातील अत्यवस्थ रुग्ण म्हणजे तापी ओलांडून लांबचा प्रवास. या विषबाधेत ॲट्रोपिनचे पहिले इंजेक्शन किती लवकर मिळाले यावर बरेच अवलंबून असते. म्हणून मला वाटते, उताऱ्याचा इतिहास हा शोधांच्या सनावळीइतकाच किलोमीटरांचाही इतिहास आहे.

२४/ या साऱ्या इतिहासातून ओट्यावर काय उरावे? माणसाला शेतातून मोकळ्या हवेत आणा. भिजलेले कपडे उतरवा, अंग साबण-पाण्याने धुवा, धुताना आपले हात झाका. ताक, लिंबू, तूप, मिठाचे पाणी काहीही पाजू नका. उलटी करवू नका, कारण ती फुप्फुसात जाऊ शकते. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. १०८ ला फोन करा. डबा किंवा त्याच्या लेबलाचा फोटो सोबत न्या. आणि बरे वाटले तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत घरी आणू नका.

२५/ विष कोणत्याही कारणाने पोटात गेले असले, तरी उपचार तेच आणि घाईही तीच. घरच्यांनी लाजेपोटी नाव लपवू नये. वाडियांच्या खाटांवरील माणसांना 'का?' हा प्रश्न नंतर विचारता येत होता, 'कोणतं?' हा आधी.

२६/ नाना आता फवारणी करत नाहीत. त्यांचा मुलगा करतो. गेल्या भाद्रपदात मी गावी होतो. तो पंप पाठीला लावत होता, नाकाला रुमाल, पाय उघडे. मी विचारले, "कोणतं औषध?" त्याने खिशातून मोबाइल काढून डब्याचा फोटो दाखवला. "बाबांच्या वेळी फजिती झाली ना," म्हणाला. खालचा त्रिकोण पिवळा होता. १९७१ च्या नियमाला एका माणसाच्या खिशापर्यंत पोहोचायला अर्धे शतक लागले. हातमोजे मात्र अजून यायचे आहेत.

२७/ आपल्या भागात फवारणीच्या विषबाधेला कोणता शब्द वापरतात? जुन्या पिढीकडून फॉलिडॉल, एंड्रिन यांच्या काही आठवणी ऐकल्या असतील तर खाली जरूर लिहा. गॅझेटियरमध्ये आणि नियमावलीत जे सापडत नाही, ते ओट्यावरच्या बोलण्यात सापडते. (समाप्त)